आधी पाणी

३१ जुलैला लळिंगला जायचं ठरलं आणि घरात पहिलं भांडण पिशवीवरून झालं.

आम्ही नरडाण्याचे. धुळं गाठायचं, तिथून मालेगावच्या अंगाला दहाएक किलोमीटर, की लळिंगचा किल्ला दिसतो. त्याच्या रानात लांडोर बंगला आहे. लांडोर म्हणजे मोराची मादी. कोर्टाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले, तेव्हा ३१ जुलै १९३७ला ते या बंगल्यात राहिले. म्हणून दरसाल त्या दिवशी आपली माणसं तिथं जातात. मी दोनदा गेलो, एकटा. घरचे कधीच आले नाहीत. बापाचा दम, मायचे गुडघे, आणि माझा खाडा.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. या वेळी रजा मागितली तर साहेब म्हणाला, फिरायला चाललास काय? मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं? आपल्या माणसानं मोर्च्याला जावं, मयतीला जावं, आणि रान बघायला जाऊ नये असं कुठं लिहिलंय?

सात घरांनी मिळून टेम्पो ठरवला. मी यादी केली : छत्र्या, ताडपत्री, बापाच्या गोळ्या, पोरांना एकेक जादा चड्डी, वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चूल रानात पेटवायची नाही, म्हणून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घरूनच. पोरांना ताकीद, कागदकचरा परत आणायचा. यादी भिंतीला लावली. मायला वाचता येत नाही. तिनं विचारलं,

"पानी भरं का?"

मी म्हटलं, वाटेत मिळेल. बाटल्या विकत मिळतात. ती ऐकेना. माझी वही बाजूला सारून तिनं पाच लिटरची कॅन पिशवीच्या तळाशी बसवली. मी ओरडलो. ओझं कोण उचलणार, म्हटलं. ती काही बोलली नाही. बाप बोलला. लहानपणी माय तिच्या बापाबरोबर पायी लग्नाला जायची, तेव्हा वाटेतल्या गावात पाणी वरून ओंजळीत ओतायचे, नाहीतर नाहीच म्हणायचे. तेव्हापासून घर सोडताना आधी पाणी.

दोस्तहो, महाडचं तळं मला तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७. त्यावर मी दोन कविता केल्यात, एक तुम्ही छापलीही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, हेही मी भाषणात सांगतो. आणि घरातली कॅन मला ओझं वाटली. आपण भाषणाची तयारी करतो, पाण्याची तयारी आया करतात. तेव्हा कॅन मीच उचलणार.

आजीचं निराळंच. ती म्हणे,

"जंगल काय देखानं? मी ते डोकावर आनेल शे."

खरंच आणलंय. माहेराजवळच्या रानातून गवत, सरपण. एकदा नाकेदारानं भारा सोडायला लावला, विळा ठेवून घेतला. विळा उसना होता. त्याची भरपाई तिनं दुसऱ्याच्या शेतात निंदून केली. किती दिवस, ते ती दरवेळी वेगळं सांगते. पण विळ्याची मूठ कशी होती ते मात्र तेच सांगते.

काल दुसरी पाळी करून रात्री घरी आलो. केसांत कापूस तसाच. पिशवी दाराशी भरून ठेवलेली. वर भाकरीचं फडकं, त्याखाली चुंबळ. मी काढून ठेवली. आजी जागीच होती.

"नाकेदार ऱ्हाई का रे तठे?"

असला तर असू दे, म्हटलं. आपण बाबासाहेबांच्या बंगल्यावर चाललोय, त्याला सांगायचं. कुणी काही हिसकावणार नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली.

"मंग इळा लेऊ का?"

विळा नको म्हटलं. चुंबळ परत पिशवीत ठेवली.