कारवानी

आजोळी शेतावर कारवानी कुत्रं असायचंच. एक गेलं की दुसरं यायचं, नाव मात्र तेच: वाघ्या. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. ज्वारीत ससा उठला की वाघ्या दिसेनासा व्हायचा. पुढे कायद्याने शिकार थांबली, पण राखणीला वाघ्या हवाच होता. पिल्लू विकत आणायची रीत नव्हती. धनगराची कुत्री व्याली की पायलीभर ज्वारी द्यायची नि पिल्लू उचलायचं. त्या धनगराला कुत्रीचा बाप, आजा तोंडपाठ असे.

नोकरीसाठी पुण्यात आलो, तर इथे लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डचं राज्य. 2005 साली पोस्टाने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासली म्हणून तिकडे ते नाव. जात आमच्या वाघ्याचीच. ते तिकीट मी ऑफिसभर दाखवत फिरलो. कुणाला फारसं कौतुक नव्हतं.

निवृत्तीनंतर अंगणाचं घर झालं आणि पिल्लाचा शोध सुरू केला. मोबाइलवर फोटो पाठवून ‘उद्याच गाडीत टाकतो’ म्हणणारे पुष्कळ. आई कुठंय विचारलं की फोन बंद. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017च्या नियमांनी बंदी आहे; यांची पिल्लं धड डोळे उघडायच्या आत बाजारात.

लातूरकडचा एकजण मात्र म्हणाला, “आधी या, कुत्री बघा, मग बोलू.” कुत्री अंगणात मोकळी होती. पिल्लं तिला लुचत होती, अनोळखी माणूस पाहूनही ती बिथरली नाही. मग माझीच उलटतपासणी. कुंपण केवढं उंच? दिवसभर घरी कोण? साखळीला बांधणार का? ‘बांधणार’ म्हणालो असतो, तर हात हलवत परत आलो असतो. पिल्लू दिलं ते आठ आठवडे उलटल्यावर, लसीच्या कार्डासकट. वर बजावलं, “बरगड्या दिसतात म्हणून चारत सुटू नका. कॅल्शियमच्या गोळ्या तर नकोतच, मोठ्या जातीची हाडं सावकाश वाढू द्यायची. कधी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जात सांगा, अंगावर चरबी नसते यांच्या. आणि नाही निभलं तर दुसऱ्याला देऊ नका. मला आणून द्या.”

या शेवटच्या वाक्यावर मी त्याला पैसे दिले.

कारवानी घ्याच, असं मी कुणाला म्हणत नाही. धावायला मोकळी जागा नसेल तर मुळीच घेऊ नका. घ्यायचंच ठरलं, तर जिथे पिल्लाची आई दाखवत नाहीत, त्या दारातून मागे फिरा.