होंडुरासची मिरी

सिगारची परीक्षणं वाचताना मला नेहमी हसू येतं. चामडं, देवदार, कोको, भाजलेले बदाम... अरे बाबांनो, सिगार ओढताय की फर्निचरच्या दुकानात शिरलाय? असो. या शनिवारी मात्र हातात होता कमाचो कोरोहो, रोबुस्टो साइझ. लांबी ५ इंच, रिंग गेज ५०. गेज म्हणजे इंचाचा ६४वा भाग, तेव्हा जाडी पाऊण इंचाच्या किंचित वर.

कोरोहो हे वाण मूळचं क्युबाचं. क्रांतीनंतर तिथले तंबाखूवाले देश सोडून बाहेर पडले, १९६२ साली अमेरिकेने व्यापारबंदी घातली, आणि या मंडळींनी शेजारच्या देशांत बस्तान बसवलं. होंडुरासमध्ये निकाराग्वाच्या सीमेजवळ दान्ली गाव आणि हामास्त्रानचं खोरं आहे, तिथे हे वाण रुजलं. निळ्या बुरशीला पटकन बळी पडतं म्हणून खुद्द क्युबात ते मागे पडलं. कमाचोची मालकी २००८ पासून दाविदॉफकडे आहे.

पेटवायच्या आधी वास घेतला तर चक्क गोठा! वाळलेला कडबा, थोडं शेण. मला आवडला. पहिल्या इंचात मिरी, नुसती मिरी. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून थोडासा नाकावाटे सोडायचा. तेव्हा तर डोळ्यांत पाणीच आलं. मग मिरी ओसरते आणि काळ्या कॉफीचा कडवटपणा येतो, मागे पुसटशी गोडी. हा मधला भाग खरंच सुरेख, पैसे इथे वसूल. शेवटी धूर तापतो, चव नुसती जळकी. शंभरपैकी मार्क वगैरे मी देत नाही, तिथे ८५च्या खाली कोणी नापासच होत नाही!

आता 'छातीत घेत नाही ना, मग काय होतंय' हे नेहमीचं वाक्य. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. आपल्याकडे तळहातावर तंबाखूला चुना चोळतात, त्याचंही काम अगदी हेच. माझे काका तीस वर्षं चोळत होते. त्यांनीही कधी धूर छातीत घेतला नव्हता. जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते पातळ भात खातात, आणि बोललेलं फक्त काकूला कळतं.

शेवटचा दीड इंच तसाच विझू दिला. पाचाच्या पाकिटातले चार उरलेत. मित्र मागतोय, पण त्याला द्यावेत का हे अजून ठरत नाहीये.