डोंगर रोज दिसतो, पण...

शेतकऱ्याला विचारा, "शेवटचा विसावा कधी घेतलात?" तो सांगेल, "तापाने पडलो होतो तेव्हा!" बायकांच्या वाट्याला तर तापातही चूल सुटत नाही. म्हणून वाचकहो, यंदा आजारी न पडता दोन दिवस विसावा घेऊन पाहा.

लग्नाच्या बस्त्यासाठी आपण उल्हासनगरला येतो. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात जातो. शिलाहारांच्या काळातले, इ. स. १०६० मधले हे दगडी देऊळ. तिथून पुढचे स्टेशन बदलापूर. त्या बाजूच्या शेतात उभे राहिले की मलंगगड, चंदेरी अशी डोंगरांची ओळ दिसते. हीच ओळ पुढे माथेरानला जाते. नांगर धरताना पिढ्यान् पिढ्या हा डोंगर पाहिला, पण विसाव्यासाठी वर कितीजण गेले?

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढले आणि साहेबलोकांचे थंड हवेचे ठिकाण तयार झाले. विसावा साहेबाचा आणि डोक्यावर ओझे आपल्या माणसांचे! १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. आज वर जायला कोणाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्याच मनाची.

बदलापूरनंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते. पुढे मोटारींना बंदी आहे. चालत जा, किंवा म्हातारी माणसे बरोबर असतील तर जवळच्या अमन लॉज ठाण्यावरून छोटी गाडी धरा. ओझे उचलणाऱ्या बाईशी मात्र चार रुपयांसाठी घासाघीस करू नका. ओझ्याची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक?

वर तांबडी माती, जांभळाची दाट सावली आणि सुमारे २,६०० फूट उंचीवरची हवा. खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड. मोठे हॉटेल नको, एखादी साधी कौलारू खोली पुरे. खाऊची पिशवी तेवढी माकडांपासून सांभाळा.

पहिल्या दिवशी चैन पडत नाही, हे आधीच सांगतो. आमची मंडळी पहिल्या पहाटे चारलाच उठून बसली. "म्हशीची धार काढली असेल का हो?" दिवसभर हाताला काम नाही म्हणून पदराशी चाळा चालला होता. संध्याकाळी रानातल्या वाटेने हिंडून आलो, दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती सात वाजेपर्यंत झोपली. पंचवीस वर्षांच्या संसारात उजाडल्यावर तिला झोपलेली मी प्रथमच पाहिली. आनंद झाला, आणि थोडी शरमही वाटली.

भाताची मळणी आटोपलेली असते आणि राब भाजायला अवकाश असतो, ते दिवस निवडा. शनिवार-रविवार टाळा, म्हणजे गर्दी कमी आणि खोलीचे भाडेही बेताचे. गुरांची सोय शेजाऱ्याकडे लावा. पुढच्या खेपेला त्याची गुरे तुम्ही सांभाळा.

पीक काढल्यावर आपण जमिनीलाही थोडी उसंत देतो. घरच्या लक्ष्मीला दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?