उलटे आकडे

साहेबांचा तो शेरा आठवला की अजूनही डोकं तापतं. शाळा जिल्हा परिषदेची, बाळापूर तालुक्यातली, दोनशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. खिचडी, मीटिंगा, ऑनलाइन माहिती हे सगळ्यांना पाठ आहे, ते सांगत बसत नाही.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं आणि पोराच्या नावापुढे प्रगत की अप्रगत, हे लिहायची सवय लागली. भेटीला आलेल्या साहेबांनी दुसरीतल्या एका मुलीला फळ्याजवळ बोलावलं. “त्रेपन्न लिही.” तिने आधी ३ काढला, त्याच्या उजवीकडे ५. “बरं, पंच्याहत्तर?” ५७. “अठ्ठेचाळीस?” ८४. साहेब सगळ्या वर्गादेखत मला म्हणाले, “मॅडम, दुसरीच्या लेकराला एवढंही येत नाही?” आणि शेरेबुकात तिच्या नावासकट ‘अप्रगत’.

अहो, तिन्ही वेळा चूक एकच होती! जिला काहीच येत नाही ती पोरगी एकदा ५३ लिहील, एकदा ९, एकदा रडेल. हिने जे आधी ऐकलं ते आधी लिहिलं. आपण बोलताना एकक आधी बोलतो, लिहिताना दशक आधी मांडतो. सात वर्षांच्या लेकराने हा घोळ कुठून ओळखावा?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या मंगला नारळीकर कारणं समजावून सांगत होत्या आणि लोक विनोद करत होते. कारण मला पटतं. पण ‘पन्नास तीन’ माझ्या कानाला आजही खटकतं. मी त्रेपन्नच म्हणते.

पोरीचं घर लिंबाच्या बागेत मजुरी करणारं. वाडेगावचं लिंबू मार्केट इथून जवळ, त्यामुळे मोजणी तिच्या हातात बसलेली. एका हातात दोन, दुसऱ्यात तीन, की टाकली पाच. अशा वीस खेपा झाल्या की शेकडा. त्या दिवशी खिचडीच्या खोलीत एका पालकाने दिलेली लिंबांची थैली होती. ती मी व्हरांड्यात ओतली आणि तिला त्रेपन्न काढायला सांगितलं. दहा वेळा पाच-पाच, वर तीन. बोट मोडलं नाही, ओठ हलवले नाहीत. साहेब खिचडीची चव घेत होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे, पण लिहिता आलं पाहिजे ना.”

साहेब गेल्यावर पोरीने विचारलं, “मॅडम, त्यायले लिंबं मोजता येतात का?”

आणि खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. लिहिता आलंच पाहिजे. उद्या मजुरीच्या चिठ्ठीवर कोणी ५३ चे ३५ केले तर तिला कळलं पाहिजे. चीड आली ती त्यांनी “हे कसं काढलंस?” एवढंही विचारलं नाही याची. मी लहान पोरांना दुसरं फार काही शिकवत नाही. पाटीवर चुकीचं उत्तर दिसलं की खोडायच्या आधी तेवढं विचारते. मग दहा-दहा तुराट्यांचे गठ्ठे बांधायला लावते, आधी गठ्ठे मोजायचे, मग सुट्या. दिवाळीच्या आत तिचे आकडे सुलटे झाले. शेरेबुकातला शेरा तसाच आहे.

डी. एड.ला गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचलं होतं. त्यातल्या मास्तरला प्रयोगासाठी वर्ग मिळतो आणि साहेबही हळूहळू त्याच्या बाजूचे होतात. पुस्तकातले साहेब!

नव्या शिक्षकांना एक सांगते, कृती करा, गठ्ठे बांधा, सगळं करा. पाढे मात्र मी अजून ओरडून पाठ करून घेते, तीसपर्यंत, रोज, परिपाठ झाला की. प्रशिक्षणात हे बोलत नाही. तिथे मी ‘आनंददायी शिक्षण’ म्हणते आणि सही करून येते.