कानातला खडा

पहाटे आई कूस बदलायला गेली आणि घर फिरलं. आढं खाली आलं, भुई वर गेली. "अगं, धर मला," ती म्हणाली, आणि जत्रेतल्या पाळण्यात बसवलेल्या लहान मुलीसारखी पलंगाची कड गच्च पकडून, डोळे मिटून पडून राहिली. मिनिटभरात सारं थांबलं. पण उभा जन्म फळ्यासमोर ताठ उभं राहून काढलेल्या या बाईचा जमिनीवरचा विश्वास तेवढ्यात उडाला होता.

डॉक्टरांनी तिला निजवून मान वळवली, डोळ्यांची थरथर निरखली आणि हसून म्हणाले, "घाबरू नका आजी. कानातले खडे जागेवरून सरकलेत."

"कानाला खडा लावलेला ठाऊक आहे," आई म्हणाली, "कानात खडा पहिल्यांदाच ऐकते!"

घरी आल्यावर मी त्या खड्यांच्या मागे लागले. कानाच्या अगदी आतल्या दालनात, शंखाकृती पोकळीच्या शेजारी, मऊ लुसलुशीत थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण बसलेले असतात. एकेक कण जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. आपण मान कलवली की तेही कलतात, त्यांच्या वजनाने खालचे सूक्ष्म केस वाकतात, आणि अंधारात, मिटल्या डोळ्यांनीही आपल्याला उमगतं, की खाली म्हणजे कुठे. वय झालं की हे कण सैल होतात, शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात, आणि स्थिर उभं असलेलं सगळं जग गरगरू लागतं. वैद्यकात त्यांना ओटोलिथ म्हणतात, म्हणजे कानातले दगड. दुसरं नाव ओटोकोनिया.

कानातली धूळ.

त्या शब्दापाशी मी थबकले. कारण आईची पहिली आठवण धुळीचीच आहे. संध्याकाळी शाळेतून आलेल्या तिच्या पदराला, बोटांच्या पेरांना, कानशिलावरच्या बटांना चिकटलेली खडूची पांढरी धूळ, आणि तिच्या कुशीत शिरताना नाकात जाणारा तो कोरडा, किंचित तुरट वास. खडू, चुना, चुनखडी. सारी एकाच घरची माणसं. लॅटिनात चुन्याला कॅल्क्स म्हणत. १८०८ साली हंफ्री डेव्हीने चुन्यातून धातू वेगळा काढला तेव्हा त्यावरूनच त्याचं नाव कॅल्शियम ठेवलं. आणि कॅल्क्सचं लाडकं, धाकटं रूप कॅल्क्युलस, म्हणजे खडा. डॉक्टर मुतखड्याला कॅल्क्युलस म्हणतात, दातांवरच्या कीटणालाही कॅल्क्युलसच. रोमन लोक हिशेब करायचे तेही खडे मांडून. सगळ्या आकडेमोडीला इंग्रजीने नाव घेतलं ते या खड्यांवरूनच.

आईला लॅटिन येत नव्हतं. पण पहिलीच्या पोरांना ती ओढ्यावर पिटाळायची, "दहा-दहा खडे घेऊन या!" मग ओसरीवर खड्यांच्या ओळी लागायच्या, पाच इकडे, सात तिकडे, दहांचा ढीग बाजूला, उरलेले दोन समोर, आणि उन्हाच्या तिरिपीत त्या ओल्या गारगोट्या मोत्यांसारख्या चमकत असताना तिचा खणखणीत आवाज यायचा: "हातचा धरलास का रे?" कुणाचं घर कुठे, कुणाच्या पोटात आज भाकरी नाही, याची तिला खडानखडा माहिती असे. किलोभर कॅल्शियम प्रत्येक मोठ्या माणसाच्या देहात असतं, जवळजवळ सगळं हाडांत आणि दातांत. त्या किलोभराने ती उभी होती असं मी समजत होते. तिला तोलून धरलं होतं ते या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिमूटभर धुळीने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खडे घरी परतवले. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी शोधलेली ही रीत; ना गोळी, ना सुई. मान एका कुशीला वळवून निजवायचं, थांबायचं. दुसऱ्या कुशीला वळवायचं, थांबायचं. मग अंगासकट कुशीवर, नजर जमिनीकडे. मग हळूच उठवून बसवायचं. "दर वेळी तीस आकडे होईपर्यंत हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

आईने माझा हात पकडला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, पण आवाज ओसरीवरचाच. तिच्या कानातल्या नळीत एकेक कण घरंगळत आपल्या जागी निघाला असेल, आणि मला वाटत होतं, ओढ्यावर गेलेली पोरं ती एकेक करून नावाने हाका मारून परत बोलावते आहे. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

ती उठून बसली. भिंत भिंतीच्या जागी होती, भुई भुईच्या. डॉक्टर म्हणाले, "आता सोडा हात, आजी."

तिने सोडला नाही. माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"हातचा धरलास ना?"