पेन्सिलीने लिहिलेलं अपील

एखादा अर्ज नामंजूर होऊन परत आला की तुम्ही काय करता? बहुतेक जण तो कागद फाइलमध्ये सारतात आणि नशिबाला दोष देतात. क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या कैद्याने तसं केलं नाही, म्हणून त्याची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

जून १९६१. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पनामा सिटी इथे एका पूल रूममध्ये चोरी झाली आणि गिडियनला पकडलं. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. त्याने कोर्टाकडेच वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, सरकारी खर्चाने वकील फक्त देहदंडाच्या गुन्ह्यात मिळतो. मग आठवीपर्यंत शिकलेला हा माणूस स्वतःच स्वतःचा वकील झाला. आता तुम्हीच सांगा, साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यायची, हे त्याला कोण शिकवणार? पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातून त्याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तो फेटाळला गेला, कारणही न देता.

माझे वडील तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. नामंजुरीचा कागद घेऊन कुणी आलं की ते म्हणायचे, "रडू नंतर, आधी तारीख बघू." कारण अपिलाला मुदत असते. दुसरं विचारायचे, "नेमकं काय चुकलं म्हणायचंय तुम्हाला?" गिडियनला हे दुसरं बरोबर उमगलं होतं. शिक्षेनंतरच्या अशा अर्जात 'मी निर्दोष आहे' एवढंच म्हणून भागत नाही. खटलाच नीट चालला नाही, हे दाखवावं लागतं. जानेवारी १९६२ मध्ये तुरुंगाच्या रेघी कागदावर, पेन्सिलीने, त्याने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तेच लिहिलं: मला वकील दिला नाही. शुद्धलेखन यथातथाच होतं, पण मुद्दा पक्का होता.

न्यायालयाने त्याच्यासाठी एब फोर्टस हे नामवंत वकील नेमले. १८ मार्च १९६३ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी गिडियनच्या बाजूने निकाल दिला. लक्षात घ्या, तो लगेच सुटला नाही. खटला पुन्हा चालला. या वेळी वकील सोबत होता. त्याने मुख्य साक्षीदाराला उलटसुलट प्रश्न विचारले आणि ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवलं. आरोप तोच आणि कोर्टही तेच!

त्याच वर्षी फ्लोरिडाने शिक्षा झालेल्या कैद्यांना दाद मागता यावी म्हणून वेगळा नियमच केला. तिथे असा अर्ज फेटाळला गेला तर आज तीस दिवसांत अपील करावं लागतं.

आपल्याकडे? १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही. साधी प्रत! पण तीच हातात नसेल तर माणूस अपील कशाच्या आधारावर लिहिणार?

तुमच्या ओळखीत, शेजारीपाजारी कुणी तुरुंगात असेल तर त्याच्या घरच्यांना विचारा, निकालाची प्रत मिळाली का, आणि तारीख काय आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर देशभर चालतो. तुरुंगातल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.