ड्युटी संपल्यावर कोण थांबतं

मे २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तेव्हा मी एका उपनगरातल्या ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो आणि हा प्रयोग फसावा अशी माझी मनापासून इच्छा होती. तशी इच्छा असणारा मी एकटा नव्हतो. दत्ता पडसलगीकर साहेब आयुक्त होते, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे. चहाला बाहेर आलो की खरी मतं निघायची. माणसं कुठून आणायची? पंचनामा अर्धवट टाकून हवालदार घरी गेला तर तपासाचं काय? आणि जे कुणी उघड बोलत नसे, पण सगळ्यांच्या पोटात होतं ते हे की, आम्ही सोळा-सोळा तास काढले, मग यांनाच काय झालं?

योजना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने आखून आयुक्तांपर्यंत नेली होती, हे तर मला जास्तच झोंबलं. शिपायाने ड्युटी करावी, ड्युटी लावण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं तेव्हाचं मत.

हे मत मला घरातूनच मिळालं होतं. मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. वडील हवालदार. एका खोलीत आम्ही सहाजण, आणि वडील रात्रपाळी करून आले की दिवसभर आम्ही सगळे बाहेर गॅलरीत. १९८२च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांचं आंदोलन चिघळलं, संघटनेची मान्यता गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या मजल्यावरचीही दोन कुटुंबं गावी परतली. वडिलांनी त्यातून एवढाच धडा घेतला की, पोलिसाने तोंड उघडू नये. मी फौजदार झालो तेव्हा त्यांनी तोच मला दिला. पुढे त्याला मी कायद्याचा आधारही शोधला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ सांगतं की, पोलीस सदैव कामावर असल्याचं मानलं जाईल. रजेचा अर्ज घेऊन आलेल्या किती पोरांना मी हे कलम ऐकवलं असेल! 'बंदोबस्तामुळे रजा नामंजूर' असा रबरी शिक्काच करून घ्यावा, असं मी गमतीने म्हणायचो. पोरं हसायचीसुद्धा. वरिष्ठ निरीक्षकाच्या विनोदाला ठाण्यात नेहमीच हशा मिळतो.

मानसिक आरोग्य वगैरे शब्द तेव्हा कानावर यायचे ते तणावमुक्ती शिबिरांच्या परिपत्रकांतून. अमुक तारखेला अमुक हॉलमध्ये ठाण्यातून दहा माणसं पाठवा. मी रात्रपाळीवरून सुटलेली माणसं पाठवायचो, म्हणजे दिवसाची ड्युटी मोडत नसे. ती तिथे जाऊन, डोळे मिटून श्वासावर लक्ष द्या असं सांगितलं की पाचव्या मिनिटाला घोरायची. आयोजक बिचारे नाराज व्हायचे. मला मात्र त्यात शिबिराचं यशच दिसायचं.

वरिष्ठ दरबार भरवतात आणि त्यात अडचणी मांडा म्हणतात. पण दरबारात उठून 'साहेब, मला झोप लागत नाही' असं म्हणणारा शिपाई मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. क्वार्टरची गळती, बदली, थकलेलं प्रवासभाडं, इतकंच निघायचं. त्यामुळे माझ्या लेखी पोलिसाच्या मनाला काही होत नव्हतं. काहीजण कामचुकार असतात, काहीजण पितात, आणि बाकीचे ठणठणीत असतात. माझं वर्गीकरण इथे संपत होतं.

१ जानेवारी २०१७ पासून आठ तासांची ड्युटी मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांना लागू झाली. हुकूम होता, केली. तीन पाळ्यांसाठी माणसं काढायला बसलो तेव्हा कळलं की, टपाल, रजिस्टरं आणि साहेब लोकांच्या सरबराईत किती माणूसबळ अडकलेलं असतं. पहिले काही महिने मला जे हवं होतं तेच दिसलं. पाळी बदलताना चार्ज देण्यावरून वाद. रात्री बाराला सुटणाऱ्यांना कर्जत-कसाऱ्याची शेवटची लोकल गाठता येत नसे, मग ती माणसं ठाण्यातल्या बाकांवरच आडवी व्हायची. गणपतीत तर सगळ्याच पाळ्या गुंडाळून ठेवाव्या लागल्या. मी खूश होतो. मीटिंगमध्ये सांगायला मुद्दे जमत होते.

माझ्या मतात फरक पडायला दोन माणसं कारणीभूत झाली, दोघंही हवालदार.

पहिला बदलापूरहून येणारा. तक्रारदाराच्या अंगावर धावून जाणारा म्हणून प्रसिद्ध. त्याचे कसुरी रिपोर्ट मी पाठवले होते, त्याला ओ. आर.ला, म्हणजे ऑर्डर्ली रूममध्ये वरिष्ठांसमोर, उभं केलं होतं, दंडही झाला होता. हा माणूस बारा तासांच्या ड्युटीसाठी पहाटे पाचला घर सोडायचा आणि रात्री अकराला घरी पोचायचा, हे मला माहीत होतं. फक्त त्याचा त्याच्या तोंडाशी काही संबंध असेल असं मी कधी मानलं नव्हतं. आठ तास झाल्यावर तो काही संत झाला नाही. जीभ तिखटच राहिली. पण काउंटरवर आलेल्या बाईचं म्हणणं पुरतं ऐकून मग तिला झापायचा, एवढा फरक पडला, आणि पोलीस ठाण्यात हा फरक थोडा नाही. मी इतकी वर्षं त्याच्या अपुऱ्या झोपेला बेशिस्त असं नाव देऊन कागद रंगवत होतो.

इथवर आलो तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळं दुखणं तासांचंच आहे, तास कमी करा, बाकी डॉक्टर-समुपदेशक सगळी फॅशन, असं म्हणू लागलो. पुढे २०१९ मध्ये कॉमन कॉज ही संस्था आणि सीएसडीएसचा लोकनीती कार्यक्रम यांचा २१ राज्यांतल्या पोलिसांवरचा अहवाल आला. पोलीस सरासरी १४ तास काम करतात, आणि दोनातल्या एकाला साप्ताहिक सुट्टीच मिळत नाही, असं त्यात होतं. तो मी बॅचमेट्सना उत्साहाने पाठवला होता. पण तोवर दुसऱ्या हवालदारामुळे माझा हाही सिद्धान्त लंगडा झालेला होता.

हा माणूस ठाण्याचा आदर्श. रजा नाही, सिक नाही, तक्रार नाही. त्यामुळे अकस्मात मृत्यूची प्रकरणं सगळी त्याच्याकडे. खाडीत सापडलेला देह, बंद खोलीत आठ दिवस पडून राहिलेला म्हातारा, बांधकामावरून पडलेला मजूर. पंच गोळा करायचे, पंचनामा करायचा, देह शवविच्छेदनाला न्यायचा, नातेवाईक शोधायचे, त्यांना फोनवर सांगायचं आणि मग ताबा द्यायचा. खिशात कायम रुमालात बांधलेला कापूर. दुसरं कुणी नाक मुरडायचं, हा मुरडत नसे, म्हणून मीच ती कामं त्याच्या नावावर लावत गेलो.

आठ तासांची ड्युटी आल्यावर चार वाजता सगळे पांगायचे आणि हा मुद्देमालाच्या खोलीत बसून जुन्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लिहायचा. सात, आठ, कधी नऊ वाजेपर्यंत. मी एकदा हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर त्याचं कौतुकही केलं. नंतर आमच्या ठाणे अंमलदार बाई केबिनमध्ये आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, ते कामासाठी थांबत नाहीत. घरी जात नाहीत. गेले तरी जिन्यात बसून राहतात, वहिनी सांगत होत्या."

मी त्याला बोलावलं, बसायला सांगितलं. तो बसेना. शेवटी बसला आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाला, "घरात शिरलो की हाताला वास येतो, साहेब. कुणालाच येत नाही. मलाच येतो. जेवण जात नाही."

जुन्या पद्धतीत हा माणूस मला दिसलाच नसता. तेव्हा सगळेच नऊपर्यंत ठाण्यात असायचे, सगळ्यांचेच डोळे लाल, सगळेच कमी जेवायचे. त्यात कोण नुसता थकलाय आणि कोण आजारी आहे हे ओळखायचं कसं? बाकीच्यांचा थकवा उतरला आणि हा एकटा उघडा पडला. समुपदेशकांबद्दलचं माझं मत त्या आठवड्यात बदललं, कारण मला त्याला एक शब्दही नीट सांगता आला नाही. 'दोन दिवस गावी जाऊन ये' एवढंच सुचलं.

पुढे मी जे केलं ते नियमात बसत नाही. शाळेपासूनच्या एका डॉक्टर मित्राला विचारून या हवालदाराला खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. ठाण्यात सांगितलं, बीपी तपासायला गेलाय. नागपाड्याच्या पोलीस रुग्णालयात जायला तो तयार नव्हता. तिथल्या डॉक्टरांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. रांगेत कुणीतरी ओळखीचं भेटेल, ही भीती. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे शस्त्र काढून घेतील, गोपनीय अहवालात ओळ येईल, लाइनमध्ये 'डोक्याचा' म्हणून नाव पडेल. मी त्याला सशस्त्र गार्डवरून काढून समन्स बजावणीवर टाकलं आणि कारण लिहिलं, 'प्रशासकीय सोय'. मृतदेहांची कामं चौघांत वाटली. चौघांनी कुरकुर केली, आणि ती ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं. गोळ्या, डॉक्टरांशी बोलणं, पुन्हा गोळ्या, असं बरेच महिने चाललं. तो नोकरी पुरी करून निवृत्त झाला. अजून दसऱ्याला फोन करतो.

मी २०१९ मध्ये निवृत्त झालो. नंतर कोविडने पाळ्यांची घडी विस्कटली. जानेवारी २०२२ मध्ये महासंचालक संजय पांडे यांनी राज्यभरातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश काढला, तेव्हा त्याच्या बाजूने मी आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर इतका भांडलो की, दोघांनी ग्रुप सोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक सुरू झाला. पोलीस रुग्णालयाच्या रांगेत उभं न राहता बोलता येतं, म्हणून तो मी ओळखीच्या प्रत्येक पोराला पाठवतो.

त्या दुसऱ्या हवालदाराच्या बाबतीत एका मुद्द्यावर मात्र माझा एक बॅचमेट मला अजून अडवतो. "गार्डवरून काढायच्या आधी त्याच्या हातून काही झालं असतं तर? आणि नंतर चौकशी लागली असती, तर 'प्रशासकीय सोय' वाचून तुला कोणी सोडलं असतं का?" मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर लागेल तेवढीच माहिती देण्याची मुभाही देतो. पण 'लागेल तेवढीच' म्हणजे ठाण्यात कुणाला, किती आणि कोणत्या कागदावर, हे ठरवायची वेळ आली तेव्हा माझ्या टेबलावर काहीच नव्हतं. माझं आता म्हणणं असं की, दर वर्षी काही आठवडे प्रत्येकालाच, अगदी निरीक्षकालाही, बिनशस्त्र कामावर पाळीने टाकावं, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तो त्यात लपून जाईल. बॅचमेट म्हणतो, ज्याला गरज आहे तो नेमका त्या आठवड्यात आजारी पडेल याची हमी काय? हमी काहीच नाही. पुढच्या वेळी भेटू तेव्हा हे त्याच्यासमोर मान्य करावं लागणार आहे.